बागेत कोण कोणाला नेतं?

पत्राचा सारांश: पुण्याच्या पश्चिमेकडच्या उपनगरात राहणारी एक मैत्रीण लिहिते. वय ३५, आयटीत नोकरी, आठवड्यातले तीन दिवस घरून काम. मुलगा साडेपाच वर्षांचा. सासरे गेल्यावर, दोन वर्षांपूर्वी, सासूबाई गावाकडचं घर बंद करून यांच्याकडे राहायला आल्या. सोसायटीत मुलांना खेळायला जागा आहे: खाली रबरी लादी, दोन झोपाळे, एक घसरगुंडी, वर कॅमेरा. तरी सासूबाई रोज संध्याकाळी नातवाला घेऊन दहा मिनिटं चालत महापालिकेच्या बागेत जायच्या. गेल्या दोन महिन्यांत मुलगा तिथून गुडघा फोडून आला, एक शिवी शिकून आला, कुणाच्या तरी बाटलीतलं पाणी पिऊन आला. मोठी मुलं त्याला खेळात 'कच्चा लिंबू' करतात. एके दिवशी तर तो दहा मिनिटं आजीला दिसेनासा झाला, आणि हे आजीने नाही, त्यानेच रात्री झोपताना सांगितलं. मैत्रिणीने बाग बंद केली. सासूबाई एका शब्दाने बोलल्या नाहीत, पण तेव्हापासून संध्याकाळी खोलीबाहेर येत नाहीत. पाच वाजले की मुलगा भोकाड पसरतो. नवरा म्हणतो, "तुमचं तुम्ही दोघी ठरवा." ती विचारते: "तिथे सगळ्या प्रकारची मुलं येतात. सोसायटीत सगळं असताना हा हट्ट कशाला? मी चुकतेय का? आणि आईंना न दुखावता हे कसं पटवू?"

प्रिय मैत्रिणी,

तुला 'तू' म्हणते. तुझ्या वयाची लेक आहे मला, आणि 'आपण, आपण' करत दिलेला सल्ला मला स्वतःलाच पटत नाही.

तुझं पत्र तीनदा वाचलं. त्यात पाच तक्रारी आहेत आणि तू त्या एकाच पिशवीत भरल्यास, म्हणून पिशवी इतकी जड झाली आहे. एकेक बाहेर काढू या. काही नुसत्या हवेच्या निघतील. एक मात्र दगडासारखी आहे, तिच्याकडे शेवटी येऊ.

गुडघा. साडेपाच वर्षांच्या मुलाचा गुडघा फुटणार नाही तर कुणाचा फुटणार? रबरी लादीवरही फुटतो, फक्त डाग वेगळा पडतो. वाहत्या पाण्याने आणि साबणाने माती निघेपर्यंत धुवायचा, कोरडा करायचा, झालं. (त्यात हळद चेपायची नाही, हे आजींनाही सांग. हळद दुधात बरी.) या निमित्ताने एक काम कर, लसीकरणाचं कार्ड काढून बघ. पाच ते सहा वर्षांच्या दरम्यान डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वातावरच्या लसीचा) दुसरा बूस्टर असतो आणि शाळेच्या गडबडीत तो हमखास राहून जातो. तो झाला असेल तर खरचटण्याची फार चिंता करायला नको.

शिवी. कुठली, ते तू लिहिलं नाहीस, पण मला अंदाज आहे. तो शब्द बागेतच शिकला, याची तुला खात्री कशी? तुमच्या लिफ्टमध्ये, रिक्षात, शेवटच्या षटकात विकेट पडल्यावर तुमच्याच दिवाणखान्यात तो कधी ऐकू आला नसेल? मुलं शब्द उचलतात ते अर्थासाठी नाही, तो ऐकून मोठ्यांचे चेहरे कसे होतात ते बघण्यासाठी. "हा शब्द आपण वापरत नाही," एवढं कोरड्या आवाजात सांगायचं आणि भाजी निवडत राहायचं. तमाशा झाला नाही की आठवड्याभरात शब्द शिळा होतो.

पाणी. इथे तुझं थोडं बरोबर आहे. पण मला सांग, त्याची स्वतःची बाटली कुठे होती? रिकामी झाली होती की घरीच राहिली होती? दोन बाटल्या द्यायच्या, विषय मिटला. दुसऱ्या मुलाच्या बाटलीतलं पाणीही कुणाच्या तरी आईनेच घरून भरून दिलेलं असतं. फाटकाबाहेरच्या गोळ्याच्या बर्फाला मी त्याहून जास्त घाबरते, कारण तो बर्फ कुठल्या पाण्याचा हे कुणालाच ठाऊक नसतं. तू मात्र गोळ्याबद्दल काहीच लिहिलं नाहीस. उष्ट्या बाटलीबद्दल लिहिलंस. मग मला वाटलं, हे पाण्याचं दुखणं नसावं. ही बाटली कुणाची होती, त्याचं असावं.

"सगळ्या प्रकारची मुलं." हे शब्द तुझ्या पत्रात दोनदा आलेत. मी तुला दोष देत नाही. आपण सगळेच असं बोलतो आणि पुढचं वाक्य गिळतो. ते गिळलेलं वाक्य एकदा स्वतःशी पूर्ण करून बघ. सगळ्या प्रकारची म्हणजे कोणती? इस्त्रीवाल्याची मुलगी? तुमच्याच सोसायटीच्या वॉचमनची दोन पोरं, ज्यांना तुमच्या रबरी लादीवर पाय ठेवायची मुभा नाही? पलीकडच्या बांधकामावरच्या मजुरांची मुलं? तुझ्या लेकाला यांच्यापासून नेमकं काय होईल, तेही लिही. कागदावर लिही, मनात नको. मनात भीती ऐसपैस पसरते, कागदावर तिला ओळी मोजाव्या लागतात.

आता कच्च्या लिंबाचं बघू. तू लिहिलं आहेस की मोठी मुलं त्याला कच्चा लिंबू करतात, खेळात घेऊन न घेतल्यासारखं, आणि ते त्याच्या मनाला लागत असणार. त्याला लागतंय की तुला? कच्चा लिंबू हा मुलांनी केलेला फार शहाणा कायदा आहे. लहान भावंडाला खेळात घ्यायचं, पळू द्यायचं, लपू द्यायचं, पकडलं तरी त्याच्यावर राज्य द्यायचं नाही. कुणी मोठ्याने शिकवलेलं नाही, कुठल्या पुस्तकात नाही, तरी विषामृतापासून डबा ऐसपैसपर्यंत हा नियम पोरं पाळत आली आहेत. दहा वर्षांची मुलं साडेपाच वर्षांच्या अनोळखी मुलाला 'तू लहान आहेस, जा' म्हणून हाकलत नाहीत, आपल्यात ओढतात आणि सांभाळतातही. अशी मुलं म्हणजे 'सगळ्या प्रकारची' असतील तर ती प्रकाराने बरी आहेत. तुमच्या सोसायटीत दहा वर्षांची मुलं संध्याकाळी असतात कुठे, हे एकदा मोजून बघ. आमच्या इमारतीत मोजलं तर साडेपाच ते साडेसात ती अबॅकसला असतात, स्केटिंगला असतात, नाहीतर घरी स्क्रीनपुढे. खाली उरतात तीन-चार लहानगी आणि त्यांच्या झोपाळ्याला झोके देणाऱ्या, कानाला फोन लावलेल्या मावश्या. राज्य घ्यायलाच कुणी नाही, मग खेळ कसला?

आणि खेळ लागतोच. जागतिक आरोग्य संघटना पाच वर्षांपुढच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल असा खेळ सांगते. शिवाय डोळ्यांचं आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना तीन वर्षं शाळेच्या दिवसात रोज ४० मिनिटं जादा बाहेर काढलं गेलं. २०१५ साली त्याचे आकडे आले. या मुलांपैकी सुमारे ३० टक्क्यांना मायनसचा नंबर लागला, ज्यांना जादा वेळ मिळाला नव्हता त्यांच्यातल्या सुमारे ४० टक्क्यांना. बाहेरचा उजेड सोसायटीतही मिळतो, हे खरं. पण मूल तिथे किती वेळ टिकतं? पंधरा मिनिटांत "आई, वर जाऊ" सुरू होतं. बागेतून त्याला ओढून आणावं लागतं, असं तूच लिहिलं आहेस.

आता तो दगड. दहा मिनिटं.

इथे तुझी भीती शंभर टक्के खरी आहे आणि मी तिच्यावर पांघरूण घालणार नाही. गर्दीच्या जागी, रस्त्याला लागून फाटक असलेल्या बागेत, साडेपाच वर्षांचं मूल दहा मिनिटं दिसलं नाही ही चूक आहे. आजी मायाळू असल्याने ती चूक लहान होत नाही. पण तुला त्याहून जास्त लागलंय ते हे, की त्यांनी तुला सांगितलं नाही. का सांगितलं नसेल? त्यांना माहीत होतं, सांगितलं की बाग बंद होणार. आणि बघ, कळल्यावर झालंही तसंच. तू त्यांना खोटं ठरवलं नाहीस, त्यांचा अंदाज खरा ठरवलास. पुढे कधी असं काही घडलं तर ते तुझ्यापर्यंत यावं असं वाटत असेल, तर सांगितल्याची शिक्षा बागबंदी असून चालणार नाही.

मी स्वतः सहा वर्षांची असताना सारसबागेत हरवले होते. चतुर्थीची गर्दी, आईचा हात सुटला. पण आईने आधीच सांगून ठेवलं होतं, "चुकामूक झाली तर कुणाला शोधायचं नाही, तळ्यातल्या गणपतीच्या पायऱ्यांपाशी येऊन बसायचं." (पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांच्या काळात तळं होतं, त्यातल्या बेटावरचा हा गणपती. तळं गेलं, बाग आली, नाव राहिलं.) मी बसले. आई आली. तिने एक धपाटा घातला, मग भेळ घेऊन दिली. घाबरलेलं मूल पळत सुटतं, आणि ते पळतंय त्याच्या उलट दिशेला आई पळत असते. एक ठरलेली जागा असली की ही गंमत टळते. तुमच्या बागेतही अशी एक जागा ठरवा. कारंजं, पुतळा, माळ्याची खोली, जे सगळीकडून दिसेल ते. त्याच्याकडून दोनदा चालत जाऊन दाखवून घ्या, नुसतं सांगून उपयोग नाही. तुझा मोबाइल नंबर त्याला पाठ करून घे, पाढ्यासारखा, चालीवर. पाठ होईपर्यंत मनगटाच्या आतल्या बाजूला पेनने लिही. मदत मागायची तर कुणाकडे, तेही सांग: बागेच्या माळ्याकडे, सुरक्षारक्षकाकडे, नाहीतर जिच्याबरोबर मुलं आहेत अशा बाईकडे. आणि फाटकाबाहेर कुणाहीबरोबर जायचं नाही, ओळखीच्या काकांबरोबरही नाही, आजीला विचारल्याशिवाय.

दुसरा उपाय त्याहून सोपा आहे. आजींचा कट्टा हलवा. बहुतेक बागांत बायकांचे बाक सावलीत, आतल्या बाजूला असतात आणि घसरगुंडी फाटकाच्या बाजूला. गप्पा मारणं हा गुन्हा नाही, पाठ करून बसणं हा घोळ आहे. जिथून घसरगुंडीही दिसते आणि फाटकही, असा एक तरी बाक प्रत्येक बागेत असतो. तो शोधायचा आणि अख्खं मंडळ तिथे न्यायचं. चार-पाच आज्या असतील तर आळीपाळीने एकीने उभं राहून मुलांवर नजर ठेवायची, पंधरा-पंधरा मिनिटं. हे मी मनाने सांगत नाही, आमच्या भागातल्या एका बागेत आज्यांनी असं वाटून घेतलेलं मी बघितलं आहे. ज्या आजीचं राज्य असेल तिच्या हातात लाल पिशवी. पिशवी हातात असेपर्यंत तिने गप्पांत तोंड घालायचं नाही. फार कडक असतात त्या.

आता मला तुझ्या सासूबाईंबद्दल बोलायचं आहे. तुझ्या पत्रात त्या प्रत्येक ओळीत आहेत, पण बोलत कुठेच नाहीत.

गावचं घर बंद करून आलेल्या बाईला फ्लॅटमध्ये काय काय नवं असतं, याची यादी कधी केलीस? स्वयंपाकाची बाई ठरलेली, तिला सूचना तू देतेस. गॅस कुठला, मिक्सर कुठला, कचऱ्याचे डबे किती, सगळ्याचे नियम आधीपासून ठरलेले. त्यांना कुणी तोडून बोलत नाही, काम सांगत नाही, चूक झाली तरी "असू दे आई" म्हणतात. घरात त्या आहेत, पण राज्य त्यांच्यावर कधीच येत नाही. मघाशी मी कच्च्या लिंबाचं कौतुक केलं. साडेपाच वर्षांच्या मुलाला ते सुख आहे. सदुसष्ट वर्षांच्या बाईला, जिने स्वतःचं घर चालवलं, तेच सुख रोज रोज टोचत असेल.

बागेत गोष्ट वेगळी. तिथे बाकावर जागा धरून ठेवणाऱ्या मैत्रिणी आहेत. कुणाच्या सुनेला कितवा महिना, कुणाचा गुडघा कधी बदलायचा, कैरीच्या लोणच्याला मोहरी किती, यावर त्यांचं मत विचारलं जातं. आणि एकट्या बाईने संध्याकाळी दीड तास बागेत नुसतं बसायचं, तर आपल्याकडे अजून कारण लागतं. 'नातवाला घेऊन आले' हे कारण बिनतोड आहे. त्यामुळे तुला वाटतं त्या नातवाला बागेत नेतात, पण बरेच दिवस तोच त्यांना नेत असावा. तू बाग बंद केलीस तेव्हा त्याची घसरगुंडी गेली, त्यांचं गाव गेलं. दुसऱ्यांदा.

म्हणून 'आईंना न दुखावता कसं पटवू' या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. पटवायचं काय, तेच आधी बदलायला हवं.

आणि याची दुसरी बाजूही आहे, ती आजींनी हे सदर वाचलं तर त्यांनाही सांगते. पळत्या पोरामागे रोज तासभर पळणं हे काम आहे. ते त्यांना कुणी विचारून दिलेलं नाही, आणि नाही म्हणायची सोयही ठेवलेली नाही. गुडघे दुखत असतील, रात्री झोप झाली नसेल, तरी पाच वाजले की चपला घालायच्या. आठवड्यातले दोन दिवस सोसायटीतच खेळायचं ठरवलं तर त्यांनाही बरं वाटू शकेल. पावसाळ्यात तर सोसायटीच बरी. त्या रबरी लादीवर माझा राग नाही. राग आहे तो तेवढ्यावर भागवण्यावर. त्या दोन दिवशी आजींनी एकटीने बागेत जावं, मुलाशिवाय. कारण लागलंच तर "भिशीची मीटिंग आहे" म्हणावं.

तू स्वतः ती बाग किती वेळा बघितली आहेस? पत्रात लिहिलंस, "एकदा, गाडीतून." तेव्हा आधी जाऊन बस. रविवारी नको. रविवारी प्रत्येक बाग जत्रेसारखी दिसते आणि तुझी भीती पक्की होईल. घरून काम असलेल्या एखाद्या दिवशी साडेपाचला लॅपटॉप मिट. आजींबरोबर जा आणि त्यांना दाखवू दे. बाग तुमची आहे की त्यांची, हे पहिल्या पाच मिनिटांत कळेल.

डोळे मात्र उघडे ठेव. सार्वजनिक बागेच्या प्रेमात पडून आंधळं व्हायचं कारण नाही. झोपाळ्याच्या साखळ्या वरच्या आकड्यापाशी झिजल्यात का बघ, तिथेच तुटतात. खाली वाळू किंवा माती आहे की सिमेंट उघडं पडलंय? घसरगुंडीच्या पत्र्याला कडेला धार आलीय का? एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याची घसरगुंडी साडेपाचलाही मांड्या भाजते, आधी हात लावून बघायचा. स्वच्छतागृहाला कुलूप आहे का, आणि नसेल तर आत जाववतं का? सात वाजता कुठले दिवे लागतात, कुठला कोपरा अंधारात राहतो? कुत्री कुठे बसतात? मोडकं काही दिसलं तर उद्यान विभागाकडे किंवा क्षेत्रीय कार्यालयात फोटोसकट लेखी द्यायचं, आणि एकटीने नाही, बाकावरच्या पाच-सहा जणींच्या सह्या घेऊन. आज्यांच्या सह्यांचा अर्ज कारकून सहसा बाजूला ठेवत नाही. त्या परत येतात, हे त्याला ठाऊक असतं.

हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठीही चार गोष्टी, ज्या बागेत रोज चुकताना बघते. अगदी लहान मुलाला मांडीवर घेऊन घसरगुंडीवरून येऊ नका. सुरक्षित वाटतं, पण मुलाचा पाय कडेला अडकतो, वरून आपलं वजन असतं आणि नडगीचं हाड मोडतं. त्याला एकट्याला जमत नसेल तर ती घसरगुंडी त्याच्यासाठी नाही. फिरत्या चक्राजवळ ओढणी, पदर आणि मुलांच्या टोपीच्या नाड्या आवरून घ्या. झोपाळ्याच्या पुढून आणि मागून मूल धावत जाणार हे गृहीत धरून तिथे एक मोठं माणूस उभं हवं, कारण बसलेल्या मुलाला थांबता येत नाही. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, सकाळी आणि मावळतीच्या आधी जास्त, म्हणजे नेमका बागेच्या वेळेला. जून ते नोव्हेंबर पायभर पँट आणि पूर्ण बाह्या. कुत्रं चावलं किंवा ओरबाडलं तर तिखट-चुना काही नाही, वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी इंजेक्शनाला जायचं.

आणि पिवळी कण्हेर. कुंपणाला हौसेने लावतात. आमच्या पिढीच्या मुली तिच्या बिट्ट्यांनी गजगे खेळल्या, पण ती बी विषारी आहे, अगदी जिवावर बेतण्याइतकी. ती तोंडात घालायची नाही, हे मुलाला झाड दाखवून सांगा. बाकी झाडांशी खुशाल खेळू द्या. ऑक्टोबरात बुचाची फुलं पडतात, त्यांच्या लांब देठांची वेणी गुंफायला आजींना येत असेल. गुलमोहराच्या तुऱ्यांची कोंबड्यांची झुंज तुला येते का? येत नसेल तर त्यांच्याकडून शिक.

नवऱ्याबद्दल एवढंच. "तुमचं तुम्ही ठरवा" हे त्याला शोभत नाही. एकीचा तो मुलगा, एकीचा नवरा आणि ज्याच्यावरून हे चाललंय त्याचा बाप. त्याला रविवार देऊन टाक. रविवारची बाग रोजच्या बागेपेक्षा वेगळी हवी. पेशवे पार्कात 'फुलराणी' ही मुलांची छोटी आगगाडी आहे, १९५६ सालापासूनची. ती कधी दुरुस्तीला बंद असली की पोर हिरमुसतं, म्हणून निघण्याआधी चौकशी करावी. एम्प्रेस गार्डनला मोठी जुनी झाडं आहेत, तिकीट काढून आत गेलं की दुपार निवांत जाते. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान अप्रतिम आहे, जपानच्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं. पण ते बघायचं उद्यान आहे, धावायचं नाही. साडेपाच वर्षांच्या मुलाला तिथे नेलं की बाप तासभर "गवतावर नको, दगडावर नको" एवढंच म्हणत राहतो. तिथे आईंना घेऊन तू जा, दोघीच. मुंबईच्या वाचकांना हाच फरक सांगायचा तर मलबार हिलवरच्या बागेत म्हातारीच्या बुटात, म्हणजे बुटाच्या आकाराच्या घरात, चढायला मुलाला न्या, शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर आजोबांना बसवा. एकाच जागी दोघांची हौस भागवायला गेलं की दोघंही कंटाळतात.

ज्यांच्याकडे आजी नाहीत आणि सांभाळणाऱ्या ताई मुलाला बागेत नेतात, त्यांनी पहिला आठवडा स्वतः बरोबर जावं. ताईंना बाक दाखवावा, ठरलेली जागा दाखवावी. आणि त्या ताई स्वतःचं मूल आणू का म्हणाल्या तर हो म्हणावं.

राहिलं बोलायचं. मी तुझ्या जागी असते तर सासूबाईंना समजावायला गेलेच नसते. चहा घेऊन त्यांच्या खोलीत गेले असते आणि म्हणाले असते, "आई, त्या दिवशी मी घाबरले होते. रागावले नव्हते, घाबरले होते. तुम्हीही घाबरला असाल." मग गप्प. त्या काय म्हणतील ते मला माहीत नाही. कदाचित काहीच नाही म्हणणार. कदाचित त्या दहा मिनिटांचं सगळं सांगतील, कसं कारंज्यामागे बघितलं, कसं फाटकापर्यंत धावल्या, चप्पल तुटली, आणि तो झाडामागे लपून त्यांनाच हसत होता. ऐकून घे. मध्ये "पण तुम्ही" म्हणायचं नाही. संपलं की विचार, "आज मला नेता का बागेत?"

पिशवीत दोन बाटल्या घाल, एक जुना टॉवेल, गुळाच्या दोन-चार चिक्क्या, जादाच घाल, वाटायला लागतात. टाचेची चप्पल नको. तिथल्या मुलांनी "काकू, तुम्हीपण या" म्हटलं तर नाही म्हणू नकोस. पहिल्या दिवशी तुला कच्चा लिंबूच ठेवतील.